पूर्णेच्या पाटीवरचा समुद्र

पूर्णा जंक्शनच्या फलाटाच्या टोकाला एक पिवळी पाटी आहे. भारतातल्या सगळ्याच स्टेशनांवर असते तशी. वर गावाचे नाव ठळक अक्षरांत, आणि खाली, कोणी सहसा वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, समुद्रसपाटीपासूनची उंची. आमचे अण्णा रेल्वेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मी दहा-अकरा वर्षांचा असताना, म्हणजे 1966 च्या सुमारास, त्यांच्या डब्याची पिशवी घेऊन फलाटावर जात असे आणि ते येईपर्यंत त्या पाटीखाली बसत असे. एक दिवस मी त्यांना विचारले, “अण्णा, समुद्रसपाटी म्हणजे कोणता समुद्र म्हणायचा?”

अण्णांनी आधी डब्याचे झाकण उघडून आत काय आहे ते पाहिले. मग म्हणाले, “तुला काय करायचंय रे समुद्राचं? समुद्र साहेबाचा. आपण नुसती पट्टी धरायची.”

पट्टी म्हणजे उंची मोजण्याची लेव्हलची पट्टी. तिपाईवरच्या दुर्बिणीतून साहेब पाहत आणि अण्णा पूल, मोऱ्या, रूळ यांची उंची वहीत टिपून घेत. मोरीच्या दगडावर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली वर तोंड केलेला बाण, अशी खूण ते पांढऱ्या रंगाने इतकी सुबक काढीत की, मला तो एखादा शुभशकुनच वाटे. पण त्या सगळ्या आकड्यांच्या तळाशी जो समुद्र होता, तो त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या घरात कोणीच पाहिला नव्हता.

पूर्णा हे गाव ज्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल त्यांना तिथला चहा आणि इंजिन बदलताना होणारा खोळंबा आठवत असेल. निजामाच्या अमदानीत, 1900 च्या आसपास, हैदराबाद ते मनमाड ही मीटरगेज लोहमार्गाची वाट झाली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, आणि नदीकाठच्या एका साध्या गावाला जंक्शनचे भाग्य लाभले. आसपास काळीभोर जमीन, ज्वारी आणि कापूस. गावाच्या अंगाने पूर्णा नदी वाहते आणि खाली जाऊन गोदावरीला मिळते. आपल्याकडे पूर्णा नावाच्या नद्या एकाहून अधिक आहेत. अकोल्याकडची पूर्णा तापीला मिळते, नवसारीची पूर्णा थेट अरबी समुद्रात जाते. आमची मात्र गोदावरीबरोबर सारे दख्खन ओलांडून राजमहेंद्रीच्या पुढे पूर्वेच्या समुद्राला मिळते. म्हणजे पाणी जाते पूर्वेला, माणसे पोटासाठी जातात पश्चिमेला, मुंबईला. आणि पाटी कोणत्या समुद्राची ते कोणालाच ठाऊक नाही!

पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो. त्यात त्या पाटीचा वाटा किती आणि दुसरी नोकरी न मिळण्याचा किती, हे आता सांगता येणार नाही. पण उत्तर मिळाले. ज्या समुद्रावरून आपल्या देशातल्या उंचीचा पाया घातला गेला, तो एक समुद्र नव्हे. किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजणारी यंत्रे बसवली होती. कराची, मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टण ही त्यांतली काही. विहिरीसारख्या एका खोल नळात एक तरंगता गोळा, त्याला तार, तारेला पेन्सिल, आणि घड्याळावर फिरणारा कागदाचा नळकांडा. समुद्र वर चढला की पेन्सिल वर, उतरला की खाली. वर्षानुवर्षांच्या या रेघोट्यांची सरासरी काढून नऊही ठिकाणचा समुद्र शून्य उंचीचा मानला गेला, आणि तिथून पट्टी धरीत धरीत, गाव गाव करीत, सारा देश मोजला गेला. हे जाळे 1909 साली पुरे झाले. मुंबईचे यंत्र अपोलो बंदरावर होते, आणि तिथल्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत.

ही माहिती मला कळली तेव्हा अण्णा हयात नव्हते. असो.

शाळेत मी मुलांना भूसर्वेक्षण खात्याचे नकाशे वाचायला शिकवीत असे. डेहराडूनहून निघणारे हे नकाशे म्हणजे एक अजब वस्तू आहे. निळे पाणी, पिवळी शेती, हिरवे रान, तांबडे रस्ते, आणि उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा. आमची पूर्णा 56 क्रमांकाच्या मोठ्या पत्रकात येते आणि मुंबई 47 क्रमांकाच्या. अनुक्रमणिकेचा तक्ता समोर धरला तर ही दोन पत्रके एकमेकांच्या शेजारी, अगदी भिंतीला भिंत लावून बसलेली दिसतात. इतकेच नव्हे, पूर्णा आणि मुंबईची उत्तरेकडची उपनगरे एकाच अक्षांशावर आहेत. पूर्णेच्या स्टेशनातून नाकासमोर सरळ पश्चिमेला चालत सुटलात तर साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास तुमचे पाय मालाडच्या खाडीच्या चिखलात रुततील. वर्गात हे सांगितले की मुले खिडकीतून पश्चिमेकडे पाहू लागत.

पण एक अडचण होती. पूर्णेचा नकाशा मी पैसे भरून आणला होता. मुंबईचा मागितला तेव्हा नकार आला. किनारा आणि सरहद्द यांपासून सुमारे 80 किलोमीटरांच्या पट्ट्यातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे सामान्य माणसाला खुले नव्हते. शत्रूच्या हाती पडतील म्हणून! त्यामुळे मराठवाड्यातल्या मास्तराला स्वतःच्या गावातली विहीर न् विहीर नकाशावर पाहता येत होती, पण समुद्र पाहायची सोय नव्हती. 2005 साली धोरण बदलले आणि खुल्या मालिकेचे नकाशे काढायचे ठरले. 2021 साली आणखी मोकळीक मिळाली. आणि गंमत ऐका. अमेरिकेच्या लष्कराच्या नकाशा खात्याने 1950 च्या दशकात साऱ्या हिंदुस्थानचे नकाशे छापले होते, त्यांच्या प्रती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने केव्हाच इंटरनेटवर मांडून ठेवल्या आहेत. माझ्या भाच्याने मुंबईचा तो नकाशा दोन मिनिटांत छापून माझ्या हातात ठेवला. ज्याच्यासाठी मी उमेदीच्या काळात अर्ज लिहिले होते, तो कागद असा फुकट हातात आल्यावर आनंद व्हावा की राग यावा, हे मला काही क्षण ठरवता आले नाही.

त्या नकाशाची गरज पडली अक्कामुळे.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन 1972 साली मुंबईत गेली ती कुर्ल्याच्या पश्चिमेला एका दुमजली चाळीच्या तळमजल्यावर. तिथेच तिचा संसार झाला, तिथेच भाऊजी गेले. 26 जुलै 2005 या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या परभणीकडे वर्षभरात जेवढा पडतो, जवळजवळ तेवढा एका दिवसात! शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला मात्र जेमतेम 75 मिलिमीटर. दुपारी समुद्राला साडेचार मीटरांच्या आसपास भरती होती. वरचे पाणी समुद्राकडे निघालेले आणि समुद्र वाट अडवून बसलेला. मधे सापडली मिठी नदी आणि तिच्या दोन्ही अंगांची वस्ती. मुंबईत चारशेहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. अक्का आणि भाऊजी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्रभर उभे होते. घरातली लोखंडी पेटी पाण्याखाली गेली. तिच्यात अण्णांची लेव्हलची वही होती. तिचा लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दाराच्या चौकटीशेजारी, भिंतीवरच्या पाण्याच्या डागाला धरून, पेन्सिलने एक रेघ मारली आणि तारीख घातली. अक्काच्या खांद्याला लागेल एवढी उंच. तेव्हापासून दर दिवाळीला घराला रंग लागतो, पण वीतभर जागा तेवढी सोडून.

यंदा आषाढात अक्काचा फोन आला. चाळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. बिल्डरचा माणूस येऊन कागद ठेवून गेला. तो म्हणतो, भराव घालून जमीनच वर उचलू, पाण्याचे नावही राहणार नाही. भाच्याला घाई आहे. अक्काची सही राहिली आहे. “बापू,” ती म्हणाली, “तू जन्मभर पोरांना नद्या आणि समुद्र शिकवलास. मला एवढंच सांग, पाणी पुन्हा येईल का? येऊन बघ आणि सांग. मग सही करते.”

चाळीस वर्षांच्या मास्तरकीत इतका कठीण प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

पोळा झाला, बैलांची ओवाळणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी देवगिरी एक्सप्रेस धरली. लहानपणी मुंबई म्हणजे मनमाडला उतरून, ट्रंका डोक्यावर घेऊन, मोठ्या गाडीत पुन्हा जागा धरणे असे. नव्वदच्या दशकात मार्ग रुंद झाला आणि तो सोहळा संपला. रात्री झोप लागली नाही. इगतपुरीला पिवळी पाटी दिसली, सहाशे मीटरांच्या घरातली. मग गाडी थळ घाटात शिरली आणि पाट्यांवरचे आकडे घसरू लागले. कल्याण-ठाण्यापर्यंत उंची दहा मीटरांच्या आत-बाहेर आली. पूर्णेत जी साडेतीनशे मीटरांहून अधिक शिल्लक गाठीला होती, ती एका रात्रीत संपली होती.

भाच्याने दोन नकाशे काढून ठेवले होते. एक तो अमेरिकन, आणि दुसरा मुंबई बेटाचा, कॅप्टन थॉमस डिकिन्सन याने 1812 ते 1816 या काळात केलेल्या मोजणीवरून तयार झालेला. मुंबईचे आणि नकाशाचे सख्य जुने नाही, हेही सांगायला हवे. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. त्या तहाला जोडायचा नकाशा पुढे सापडेनासा झाला असे इतिहासकार सांगतात. दिलेल्या मुंबईत माहीम येते की नाही, यावरून दोन्ही सरकारांत कुरबूर चालली. आणि नकाशा सापडला असता तरी काय? सात बेटे म्हणायची ती भरतीला सात. ओहोटीला त्यांतली काही पायी जोडलेली. जिथे पाय धुऊन पलीकडे जायचे ती पायधुणी. जिथे खाडी शिरत होती ती उमरखाडी. आजही ही नावे बसच्या पाट्यांवर आहेत. पाणी तेवढे नाही.

मग बांध पडत गेले. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकीर्दीत, 1784 च्या सुमारास, वरळी आणि महालक्ष्मी यांमधले मोठे खिंडार बुजले. बांध वारंवार ढासळे, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढून स्थापन केल्यावर बांध टिकला, अशी महालक्ष्मीची कथा सांगतात. 1805 साली शीवचा बांधरस्ता झाला. 1845 साली माहीम आणि वांद्रे यांच्यामधला, त्याला जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले. हे सारे वाचताना माणसाच्या चिकाटीचे कौतुक वाटते, आणि ते करायलाच हवे. पण कुर्ल्याच्या तळमजल्यावर बसून वाचताना कौतुक जरा आवरते घ्यावे लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून मी माहीमच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. अमावास्येच्या पुढचे दिवस, म्हणजे उधाणाचे. मुंबईत या दिवसांत सकाळी सहा-सातला पाणी अगदी खाली असते आणि दुपारी बारा-एकला भरपूर भरते. पश्चिमेला माहीमचा उपसागर, त्याच्यावरून 2009 साली झालेला वरळीचा सागरी पूल; पूर्वेला मिठीचे मुख. खाली काळा चिखल, त्यात रुतलेल्या होड्या, आणि सांगू नये असा वास. एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. मी तिला माझ्या कागदावरची किनाऱ्याची रेघ दाखवली आणि विचारले, इथे समुद्र कुठवर आहे. तिने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. भरतीला कुठवर विचारता की सुकतीला, असा उलट प्रश्न तिने केला. मला माझ्याच वर्गात बाकावर उभे केल्यासारखे झाले. जमिनीच्या नकाशावर किनारा म्हणून जी रेघ असते ती भरतीच्या पाण्याची. खलाशांच्या तक्त्यात हिशेब चालतो तो ओहोटीच्या पाण्यावरून. दोन्हींच्या मधे जो मुलूख आहे तो समुद्राचाही आणि जमिनीचाही. कोकणात त्याला खाजण म्हणतात. तिथे तिवरे वाढतात, खेकडे राहतात, आणि उधाणाचे पाणी पसरायला जागा मिळते.

जुन्या नकाशावर हे खाजण फार सुंदर दाखवलेले आहे. माहीमच्या खाडीपासून आत, वांद्रे आणि धारावी यांच्यामधून थेट कुर्ल्याच्या कडेपर्यंत, बारीक निळ्या रेघांवर गवताचे लहान लहान तुरे. ज्याने ते काढले त्याला तिथे जमीन आहे असे म्हणायचे नव्हते आणि पाणी आहे असेही म्हणायचे नव्हते. मी बोट ठेवीत ठेवीत कुर्ल्याकडे सरकलो. अक्काची चाळ असावी असा अंदाज जिथे होता, तिथे बोट थांबले तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला तुरे होते आणि उजव्या बाजूला कोरा कागद.

तिथून टॅक्सीने काळा किल्ला. धारावीच्या गर्दीत, घरांच्या मधे अडकलेला हा लहानसा बुरूज गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या काळात, 1737 साली बांधला गेला. तसा लेख त्याच्यावर आहे. साष्टीकडून खाडी ओलांडून कोणी येऊ नये म्हणून तो पाण्याच्या कडेला उभा होता. त्या वेळी पलीकडे मराठे येऊन ठेपले होते हे लक्षात घेतले म्हणजे “कोणी” म्हणजे कोण ते कळेल! आज त्याच्या भोवती पाणी शोधावे लागते. एवढ्या वाटेवर समुद्राची हद्द किती मागे गेली ते सांगणारा दुसरा साक्षीदार मला भेटला नाही.

पुढे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. हे 1994 साली खुले झाले, आणि ज्या जागेवर झाले ती शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. आता दाट झाडी आहे, पक्षी आहेत. तिथून मिठी दिसते. पलीकडच्या तीरावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. 1977 पासून खाजणात भर घालून ही नवी नगरी वसवली. दुपारचे साडेबारा झाले होते. सकाळी पुलावरून जो काळा चिखल पाहिला होता, त्याच खाडीत आता पाणी दोन्ही काठ धरून वर चढत होते. नदी उलटी वाहत होती म्हणा ना. विहार आणि पवईच्या तलावांकडून निघून सुमारे अठरा किलोमीटर येणारी ही नदी दिवसातून दोनदा अशी परत फिरते. पूर्णेच्या माणसाला नदी परत फिरताना पाहणे हे भूत पाहण्यासारखेच आहे. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

संध्याकाळी अक्काने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढली आणि समोर बसली. “हं, सांग आता.”

मी सांगायला लागलो आणि माझी फजिती सुरू झाली. कारण मुंबईत उंचीचे शून्य एक नाही, तीन आहेत. सर्वेक्षण खात्याचे शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. बंदराचे शून्य त्याहून सुमारे अडीच मीटर खाली, कारण जहाजांना तळ किती उथळ होऊ शकतो याची चिंता. वर्तमानपत्रात “आज साडेचार मीटरांची भरती” असे छापून येते ते या बंदराच्या शून्यापासून. म्हणजे सरासरी समुद्रापासून ती दोन मीटरच वर. आणि महापालिकेचे शून्य तिसरेच, टाउन हॉलच्या खुणेवरून धरलेले. बिल्डरच्या कागदावर जो आकडा होता तो या तिसऱ्या हिशेबातला.

“आणि तुझ्या नकाशात काय आहे?” अक्काने विचारले.

नकाशात काही नव्हते. हीच तर खरी गोम. मीटरच्या मापाच्या नकाशावर समोच्च रेषा सामान्यतः वीस वीस मीटरांवर असते. जुन्या इंची नकाशावर पन्नास फुटांवर. पूर्णेच्या माळावर ते ठीक आहे. पण माहीमपासून कुर्ल्यापर्यंत सारा हिशेब पहिल्या वीस मीटरांच्या आत, खरे म्हणजे पहिल्या पाच-सात मीटरांच्या आत उरकतो. किनाऱ्याची रेघ आणि पहिली तपकिरी रेघ यांच्यामध्ये लाखो माणसे राहतात, आणि त्यांच्यातला कोण बुडेल, कोण कोरडा राहील हे सांगणारी एकही रेघ कागदावर नाही. तिथे जे होते ते निळे तुरे. नव्या नकाशांवर तुऱ्यांच्या जागी बरेचसे तांबडे ठोकळे आले.

मी तिला हेही सांगितले, की पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने 2006 साली अहवाल दिला. मिठीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम त्यानंतर पुष्कळ झाले. विसाव्या शतकात मुंबईचा समुद्र वर्षाला साधारण एक मिलिमीटर या मानाने वर सरकला, हेही सांगितले. अक्का ऐकून घेत होती. मग म्हणाली, “म्हणजे येईल.”

“कधी ते सांगता येत नाही. पण तसाच पाऊस आणि तशीच भरती एका वेळी आली, तर पाणी येईल. तुमची जमीन वर उचलली तर तुमच्याकडे कदाचित येणार नाही.”

“मग कुणाकडे जाईल?”

मी दाराबाहेर पाहिले. गल्लीच्या उताराला पंधरा-वीस बैठी घरे आहेत. पत्र्याची. त्यांतल्या दोन घरांतल्या बाया अक्काकडे वर्षानुवर्षे पापड लाटायला येतात. अक्काने माझ्या नजरेमागे नजर नेली आणि पुढे काही विचारले नाही.

सकाळी तिने चहा देताना सांगून टाकले, की सही करणार आहे. भाच्याच्या मुलांना खोली हवी, जिने चढून तिचे गुडघे गेले तर लिफ्ट असेल. नाही म्हणून कोणाचे भले होणार नाही. पण त्याआधी एक काम. भिंत पडली की भाऊजींची रेघ जाणार. ती रेघ गल्लीत कुठेतरी नेऊन ठेवायची. खालच्या घरांना दिसेल अशा ठिकाणी. “अण्णा न्यायचे ना मोरीवरून मोरीवर? तशी.”

मी मास्तर, ओव्हरसियर नव्हे. पण कोपऱ्यावरच्या गवंड्याला विचारल्यावर तो हसला. याला दुर्बीण कशाला, पाणसळ पुरे. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, एक टोक इथल्या रेघेला लावायचे, दुसरे टोक जिथे हवे तिथे. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येऊन थांबते. त्या रात्री पुराचे पाणीही गल्लीभर असेच एका पातळीत उभे असणार. भाऊजींच्या रेघेपासून आम्ही तीन टप्पे घेतले. पहिला चाळीच्या खांबावर, दुसरा विजेच्या पेटीवर, आणि तिसरा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दत्ताच्या देवळावर. नळीचे एक टोक अक्का धरून बसली होती, स्टुलावर, पदर खोचून. हवेचा बुडबुडा राहिला म्हणून गवंड्याने तिला दोनदा रागावलेसुद्धा. बैठ्या घरांतली पोरे भोवती जमली.

देवळाची जागा उतारावर असल्यामुळे रेघ आम्हाला वाटली होती त्याहून बरीच वर आली. आत दत्ताची मूर्ती, पायाशी चार कुत्री. रेघ कुत्र्यांच्या डोक्यांवरून गेली आणि दत्ताच्या गुडघ्यांपाशी थांबली. पोरांतला एक जण रेघेखाली उभा राहून हात वर करून पाहू लागला. त्याची बोटे पोहोचेनात.

गवंड्याने टाकी आणि हातोडी काढली. “काय कोरू?” त्याने विचारले.

“आडवी रेघ. तिच्याखाली बाण, वर तोंड केलेला,” अक्का म्हणाली. “आणि तारीख घाल. सव्वीस, सात, दोन हजार पाच. बापू, बाण तू काढून दे आधी खडूने. अण्णा काढायचे तसा.”